पाण्याचा कारखाना

पवना धरणातून सोडलेलं पाणी नदीच्या पात्रातूनच खाली येतं आणि रावेतच्या बंधाऱ्याला अडतं. महापालिका ते तिथून उपसते, निगडीच्या शुद्धीकरण केंद्रात नेते आणि मग शहरभर पाठवते. हा उपसा रोज पाचशे दशलक्ष लिटरच्या आसपास आहे. तरीही नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडच्या नळांना पाणी येतं ते एक दिवसाआड. याच रावेत-किवळ्याच्या टापूत, मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग शहराला येऊन मिळतो त्या बाजूला, सेंटोसा नावाचं रिसॉर्ट आणि वॉटर पार्क आहे. मे महिन्यात सोसायटीच्या टाकीत टँकर रिकामा करून घेणारा माणूस दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन वॉटर पार्कला जातो, तेव्हा त्याच्या मनात प्रश्न आल्याशिवाय राहत नाही. इतकं पाणी येतं कुठून आणि जातं कुठे?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक पार्कचं वेगळं असतं. दुसऱ्याचं उत्तर मात्र नीट चाललेल्या प्रत्येक पार्कमध्ये एकच मिळतं. ते पाणी फारसं कुठे जातच नाही. आज सकाळी ज्या पाण्यात आपण उतरलो, त्यातलं बरंचसं गेल्या आठवड्यातही तिथेच होतं. गाळून, औषध घालून, पंपाने वर चढवून ते पुन्हा पुन्हा वापरलं जातं. वॉटर पार्क समजून घ्यायचा असेल तर त्याच्याकडे बागेसारखं न पाहता कारखान्यासारखं पाहावं. पंप, ब्लोअर, फिल्टर, पाइप, मीटर आणि पाळीवर असलेली माणसं यांच्यावर तो चालतो. चाकण-भोसरीच्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागत नाही. कूलिंग टॉवरचं पाणी कसं फिरतं हे त्याने रोज पाहिलेलं असतं.

या पट्ट्याला असल्या जागांची गरज का पडली, हे आधी सांगायला हवं. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये आला. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि त्या दशकात बजाज, टेल्को अशी मोठी नावं आकुर्डी-पिंपरी-चिंचवडला आली. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. पुढे कारखाने इंद्रायणीपलीकडे चाकणला सरकले. बजाजनंतर मर्सिडीज, फोक्सवॅगन, महिंद्र आले आणि खेड तालुक्यातल्या शेतांच्या जागी शेड उभ्या राहिल्या. चिंचवडच्या मोरया गोसावींच्या समाधीपाशी पवनेचा घाट आहे. गावातली जुनी माणसं पोहायला शिकली ती नदीत आणि विहिरीत, पाठीला डबा किंवा पांगारा बांधून. आज पवना आणि इंद्रायणी या दोन्ही नद्यांची नावं प्रदूषित नद्यांच्या यादीत आहेत. आळंदीला वारीच्या दिवसांत इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगतो आणि त्याची छायाचित्रं छापून येतात. नदीकाठी वसलेल्या लाखोंच्या वस्तीला नदीत उतरता येत नाही, हे मला या सगळ्या कहाणीतलं सर्वांत मोठं नुकसान वाटतं. महापालिकेने ठिकठिकाणी जलतरण तलाव बांधले. पण तिथे बॅच ठरलेली, पास काढावा लागतो, पुरुषांच्या आणि महिलांच्या वेळा बहुधा वेगळ्या. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी मिळून पाण्यात डुंबायचं तर जागा उरली नाही. ती पोकळी खासगी वॉटर पार्कनी भरली. रावेतला सेंटोसा, लोहगावला डायमंड, सिंहगडाच्या पायथ्याशी डोणज्याला कृष्णाई, पुढे लोणावळ्याला वेट एन जॉय आणि घाट उतरला की खोपोलीजवळ इमॅजिका.

हा प्रकार मुळात आपला नाही. बुडापेस्टच्या गेलर्ट स्नानगृहात यंत्राने लाटा उठवणारा तलाव १९२७ मध्येच सुरू झाला होता. पण घसरगुंड्या, लाटा, संथ वाहणारा कालवा हे सगळं एका कुंपणात, एका तिकिटात आणलं ते अमेरिकेतल्या जॉर्ज मिले यांनी. सी वर्ल्ड उभं करणाऱ्यांपैकी ते एक. १९७७ मध्ये फ्लोरिडातल्या ओरलँडोला त्यांनी वेट एन वाइल्ड उघडलं. आधुनिक वॉटर पार्कची सुरुवात बहुतेक जण तिथूनच मोजतात. हे त्या काळात शक्य झालं त्यामागे फायबरग्लासचा मोठा वाटा आहे. वाटेल तसा वळवता येतो, आतून गुळगुळीत राहतो, गंजत नाही, आणि तुकडे जोडून वीस मीटरचीही घसरगुंडी उभी करता येते.

महाराष्ट्रात गोराईला एस्सेल वर्ल्ड १९८९ मध्ये आलं आणि त्याला लागून वॉटर किंगडम १९९८ मध्ये. पुण्याच्या बाजूच्या शाळांच्या सहली तेव्हा रात्री निघून, सकाळी बोटीने खाडी ओलांडून गोराईला पोचायच्या. द्रुतगती महामार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि नकाशाच बदलला. मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांतून दोन तासांत पोचता येईल अशी जागा म्हणून खालापूर-लोणावळ्याचा भाग गुंतवणूकदारांच्या नजरेत भरला. ॲडलॅब्ज काढणाऱ्या मनमोहन शेट्टी यांनी खोपोलीजवळ इमॅजिका थीम पार्क एप्रिल २०१३ मध्ये उघडलं, आणि शेजारी वॉटर पार्क २०१४ मध्ये. ते भव्य होतं, पण उभारणीच्या कर्जाचं ओझंही तितकंच मोठं होतं. त्यात २०१७ मध्ये जीएसटी आला तो अशा करमणुकीवर २८ टक्क्यांनी. जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवर आणला गेला. दोन वर्षांत कोरोनाची टाळेबंदी आली आणि ऐन हंगामात फाटक बंद राहिलं. शेवटी २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने इमॅजिका ताब्यात घेतलं. शिर्डी आणि लोणावळ्याची वेट एन जॉय त्यांचीच, म्हणजे पाण्याचा धंदा त्यांना ठाऊक होता. या धंद्याची अडचण अशी की खर्च बारा महिने असतो आणि गर्दी मार्चअखेर ते जूनमध्यापर्यंत. एरवी आधार मिळतो तो शाळांच्या सहलींचा आणि कंपन्यांच्या फॅमिली डेचा. आपल्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारची साप्ताहिक सुट्टी आहे. त्यामुळे इथल्या पार्कना रविवारशिवाय आणखी एक बरा दिवस मिळतो.

आता यंत्राकडे वळू. वेव्ह पूलच्या खोल टोकाला जी उंच भिंत दिसते, तिच्यामागे काँक्रीटच्या बंद खोल्या असतात. त्यांचं तोंड तळाशी, पाण्याखाली, तलावात उघडतं. वर ब्लोअर बसवलेले असतात. ब्लोअर खोलीत हवा दाबतो, तशी आतली पाण्याची पातळी खाली जाते आणि पाणी तलावात ढकललं जातं. मग झडप उघडते, हवा सुटते, पाणी परत आत येतं. दर काही सेकंदांनी हे होत राहिलं की तलावात लाट उठते. सगळ्या खोल्या एकदम चालवल्या तर सरळ रांगेतल्या लाटा येतात. आळीपाळीने चालवल्या तर लाटा एकमेकींना तिरप्या छेदतात. तलावाचा तळ खोल टोकाकडून काठाकडे चढत शून्यावर येतो. लाट उथळ पाण्यात आली की तिचा खालचा भाग मंदावतो, वरचा पुढे झुकतो आणि ती फुटते. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर जे घडतं तेच इथे घडतं. फरक इतकाच की ही लाट बटनाने बंद होते. दहा-पंधरा मिनिटं लाटा आणि मग तितकाच वेळ विश्रांती असं चक्र बहुतेक ठिकाणी असतं. त्या विश्रांतीत लोक दम घेतात आणि जीवरक्षकांना तळ नीट दिसतो.

घसरगुंडीत पाणी थोडंसंच असतं, काही मिलिमीटरचा थर. पण तो थर तुटता कामा नये. तो अंग आणि फायबरग्लास यांच्यामध्ये असतो म्हणून घर्षण कमी राहतं. पंधरा मीटर उंचीवरून घर्षण अजिबात न होता कोणी घसरला, तर तळाशी त्याचा वेग तासाला साठ किलोमीटरच्या घरात जाईल. प्रत्यक्षात घर्षण आणि वळणं तो बराच कमी करतात. कुठे किती कमी करायचा हेच तर डिझाइन करणाऱ्याचं काम. ते न करता केवळ उंचीच्या मागे लागलं की काय होतं, हे कॅन्ससमधल्या फरूक्ट या घसरगुंडीने दाखवलं. २०१४ मध्ये उघडलेली ती घसरगुंडी पन्नास मीटरहून उंच होती. मधल्या चढावावर तराफा हवेत उचलला जायचा. ऑगस्ट २०१६ मध्ये तिथे एक दहा वर्षांचा मुलगा मरण पावला, आणि पुढे ती पाडून टाकण्यात आली. वजनाची आणि उंचीची पाटी, हात छातीवर ठेवून पाठीवर झोपण्याची सूचना, पुढचा माणूस बाहेर पडेपर्यंत थांबवून ठेवणारा वरचा मुलगा, हे सगळं या गणितातूनच आलेलं आहे. तो मुलगा थांबवतो म्हणून त्याच्याशी हुज्जत घालणारे पाहिले की मला मनापासून वाईट वाटतं.

कॉस्च्युमची सक्तीही अनेकांना भाडं उकळण्याची युक्ती वाटते. भाडं किती असावं यावर वाद होऊ शकेल, पण नायलॉनचा आग्रह खरा आहे. सुती कपड्याचे तंतू सुटतात आणि फिल्टरमध्ये जाऊन बसतात, रंग जातो, ओला कपडा जड होऊन घसरगुंडीत अडखळतो. जीन्सची बटणं आणि चेन फायबरग्लासवर ओरखडे पाडतात. त्या ओरखड्याने पुढच्याचं अंग सोलवटतं.

पाणी फिरतं ते असं. तलावाच्या काठावरून आणि तळातून ते गुरुत्वाने खालच्या टाकीत येतं, केस-पानं अडवणाऱ्या जाळीतून पंपात जातं, पंप ते वाळूच्या फिल्टरमधून दाबाने ढकलतो आणि मग औषध मिसळून परत तलावात सोडतो. पोहण्याच्या साध्या तलावातलं सगळं पाणी चार ते सहा तासांत एकदा फिल्टरमधून जावं असं धरतात. लहान मुलांच्या उथळ तलावात पाणी कमी आणि घाण जास्त, म्हणून तिथे हे तासाभरात किंवा त्याहूनही लवकर व्हायला हवं. वाळू चोंदली की फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब यांच्यातला फरक वाढतो. तेव्हा उलट्या दिशेने पाणी सोडून वाळू धुवायची, त्याला बॅकवॉश म्हणतात. गढूळ झालेलं ते पाणी बाहेर जातं. पार्कमधून मुद्दाम सोडून दिलं जाणारं मुख्य पाणी हेच.

औषध म्हणजे क्लोरीन, बहुधा सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रवातून किंवा गोळ्यांतून दिलेलं. पाण्यात मोकळं क्लोरीन लिटरमागे एक ते तीन मिलिग्रॅम आणि पीएच ७.२ ते ७.६ राहिला तर बहुतेक जंतू मिनिटांत मरतात. पीएच आठच्या वर गेला की तेवढंच क्लोरीन निम्म्याहून कमी काम करतं. आपल्याकडच्या उन्हात उघड्या तलावातलं क्लोरीन काही तासांत उडून जातं, म्हणून गोळ्यांतून सायन्युरिक आम्ल येऊ देतात. ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं. पण ते साठत जातं आणि फार साठलं की क्लोरीनचा हात आखडतो. मग उपाय एकच, थोडं पाणी काढून ताजं घालणं. वॉटर पार्कच्या तलावापाशी जो झोंबणारा वास येतो तो क्लोरीन जास्त झाल्याचा, असं आपण समजतो. खरं तर तो क्लोरामाइनचा वास आहे. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन ते तयार होतं. उग्र वास म्हणजे पाणी लोकांनी थकवलंय आणि औषध कमी पडतंय. पाण्यात उतरण्याआधी साबण लावून अंघोळ करा असं जे लिहिलेलं असतं, त्यामागे हेच कारण आहे. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाबाचा एक परजीवी तर नेहमीच्या क्लोरीनमध्ये दहा दिवसही तग धरतो. त्याच्यासाठी अतिनील किरणांची यंत्रणा लागते. जुलाब होत असलेल्या मुलाला पाण्यात न उतरवणं हा त्याहून स्वस्त उपाय आहे.

हे रसायन हाताळणं किती जोखमीचं असतं याचा अनुभव आपल्या शहराने घेतला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये कासारवाडीच्या महापालिका जलतरण तलावात क्लोरीन वायूची गळती झाली आणि वीसच्या आसपास लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. कंपन्यांतून मॉक ड्रिल, मास्क, धोक्याच्या पाट्या हे सगळं सवयीचं झालेलं आहे. तीच शिस्त करमणुकीच्या जागेतल्या क्लोरीनच्या खोलीतही असायला हवी. त्या खोलीबाहेर वावरणारी माणसं पोहण्याच्या कपड्यात असतात आणि त्यात मुलं असतात.

आता पाण्याचा हिशेब. समजा एका पार्कमधल्या सगळ्या तलावांचं मिळून क्षेत्रफळ तीन हजार चौरस मीटर आहे आणि सरासरी खोली ९० सेंटिमीटर. पहिल्यांदा भरायला २७ लाख लिटर लागतील, म्हणजे दहा हजार लिटरचे २७० टँकर. आकडा छाती दडपवणारा आहे, पण तो एकदाचा. मे महिन्यात आपल्याकडे उघड्या पाण्यातून रोज सात मिलिमीटरच्या आसपास बाष्पीभवन होतं असं धरलं, तर दिवसाला २१ हजार लिटर हवेत जातील. जागतिक आरोग्य संघटना सुचवते की तलावात उतरणाऱ्या दर माणसामागे किमान ३० लिटर ताजं पाणी रोज घालावं. दोन हजार माणसं आली तर ६० हजार लिटर. बाष्पीभवनाची आणि बॅकवॉशची भरपाई काही अंशी यातच होते. अंघोळी, स्वच्छतागृहं आणि स्वयंपाकघर वेगळं. सगळं सढळ हाताने धरलं तरी माणशी शंभर लिटरच्या आत-बाहेर बसतं. शहरी माणसाला घरी रोज १३५ लिटर पाणी मिळावं असं सरकारी मानक आहे. म्हणजे नीट चालवलेला वॉटर पार्क हा पाण्याचा राक्षस नाही. फिल्टर नीट नसल्यामुळे दर आठवड्याला तलाव रिकामा करून पुन्हा भरणारा पार्क मात्र नक्कीच आहे. अशा पार्कला उन्हाळ्यात टँकर मिळू नये, असं मला स्पष्ट वाटतं.

पण लिटरचा हिशेब जुळला म्हणून प्रश्न संपत नाही, कारण इथे पाण्याला इतिहास आहे. पवना धरणातून थेट निगडीपर्यंत बंद जलवाहिनी टाकायला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती महामार्गावर झालेल्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. २०१६ च्या दुष्काळात मैदानांना लागणाऱ्या पाण्यावरून आयपीएल उच्च न्यायालयात पोचलं. न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवायला सांगितले, आणि गहुंज्याच्या स्टेडियमवर खेळणारा पुण्याचा संघ विशाखापट्टणमला गेला. गहुंजे म्हणजे रावेतच्या शेजारचंच. या पार्श्वभूमीवर प्रत्येक वॉटर पार्कने प्रवेशद्वारापाशी एक पाटी लावावी असं मी म्हणेन: पाणी कुठून घेतो, काल किती घेतलं, किती गाळून फिरवलं, बॅकवॉशचं पाणी कुठे वापरलं. क्लोरीन उडून गेल्यावर ते पाणी झाडांना चालतं. पार्कमधल्या हिरवळीला आणि स्वच्छतागृहांना ताजं पाणी लागण्याचं काहीच कारण नाही.

कुंपणातल्या पाण्याची एक बाजू मला मोलाची वाटते. आपल्याकडे पहिला पाऊस पडला की रविवारी सगळं शहर मावळाकडे निघतं. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीसह कोसळला आणि चौघांचा जीव गेला. हे दोन्ही रविवार होते. डोंगरातलं पाणी पाच मिनिटांत कमरेपासून डोक्यावर जातं आणि तिथे शिट्टी वाजवणारं कोणी नसतं. वॉटर पार्कमध्ये ते असतं, असायलाच हवं. बुडणारा माणूस चित्रपटातल्यासारखा ओरडत नाही. श्वास घ्यायलाच तोंड पुरत नाही तर हाक कुठून मारणार? पाण्यावर त्याची धडपड अर्धा-एक मिनिट चालते, तीही आवाज न करता. म्हणून अमेरिकेतल्या वॉटर पार्कमध्ये जीवरक्षकांसाठी एक नियम रूढ झाला: आपल्या वाट्याच्या पाण्यातला धोका दहा सेकंदांत ओळखायचा आणि पुढच्या वीस सेकंदांत तिथे पोचायचं. हा नियम पाळायचा तर एका माणसाला एका वेळी फार मोठा तलाव देता येत नाही, आणि उन्हात त्याला तासनतास एका जागी उभंही ठेवता येत नाही. नजर थकते. त्याची जागा थोड्या थोड्या वेळाने बदलावी लागते.

तेव्हा या उन्हाळ्यात जाल तेव्हा कपडे बदलण्याआधी पाच मिनिटं काठावर उभे राहा. सगळ्यांत खोल तलावाचा तळ स्वच्छ दिसतोय का पाहा. तो दिसत नसेल तर बुडालेलं मूलही दिसणार नाही. वास घेऊन पाहा. जीवरक्षकाची नजर पाण्यावर आहे की मोबाइलवर, तेही पाहा. तळातल्या जाळ्या घट्ट बसवलेल्या असाव्यात, कारण पंपाची ओढ केसांना आणि बोटांना सोडत नाही. क्लोरीन आणि पीएच यांची आजची नोंद कुठे आहे, असं काउंटरवर खुशाल विचारा. चांगल्या पार्कमध्ये वहीतला ताजा आकडा दाखवतात. आणि पोहता न येणारं मूल बरोबर असेल तर ते हाताच्या अंतरावरच ठेवा, त्याच्या दंडाला हवेचे फुगे बांधलेले असले तरी.